दोन रेघांचा डाग

आपल्या ज्ञातिमंडळाची स्मरणिका दरवर्षी निघते, तेव्हा अध्यक्षांचे निवेदन, देणगीदारांची नामावली, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि दिवंगत ज्ञातिबांधवांचे अल्पपरिचय यांना तीत योग्य ते स्थान मिळते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या गवळी समाजाने पिढ्यान् पिढ्या गाईम्हशी राखल्या, दारोदार दुधाचे रतीब घातले आणि चाऱ्यापाण्यासाठी रानोमाळ कळप हिंडविले, त्याचा सारा इतिहास छायाचित्रांत आणि चरित्रांत सापडेल असे मानता येत नाही. आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. रतीबाचा हिशेब ते भिंतीवर रेघा ओढून ठेवीत, आणि आपले जनावर कोणते हे त्याच्या कानावरील वा मांडीवरील खुणेवरून ओळखीत. ही खूण हीच त्यांची सही होती. या सहीची थोरवी आपण ओळखावी, तिचा पूर्वेतिहास जाणून घ्यावा आणि ती नाहीशी होण्यापूर्वी कागदावर उतरवून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ एका अगदी साध्या आकृतीपासून करू. ही आकृती अकबर बादशहाचा मंत्री अबुल फज्ल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात आहे. लष्करातील घोड्यांवर सरकारी डाग कसा देत असत, याचे वर्णन त्याने केले आहे. त्यात एका काळी प्रचारात असलेला डाग त्याने असा सांगितला आहे : दोन अलिफ, एकमेकांस काटकोनात छेदणारे, आणि त्यांची डोकी जाड केलेली. हा डाग घोड्याच्या उजव्या मांडीवर देत. शब्दांनी एवढे स्पष्ट वर्णन केल्यावरही त्याचे समाधान झाले नाही. तिथल्या तिथे त्याने ती आकृतीच देऊन टाकली.

ज्यांच्या घरी बोरू वा टाक असेल त्यांनी ही आकृती स्वतः काढून पाहावी. अलिफ हे फारशी-अरबी वर्णमालेतील पहिले अक्षर. ते म्हणजे एक उभी रेघ. कागदावर बोरू टेकला की तेथे शाई क्षणभर साठते आणि रेघेचे डोके आपोआप जाड उमटते. मग हात खाली येतो तशी रेघ बारीक होत जाते. अशी एक रेघ उभी काढावी, दुसरी तिला आडवी छेदावी, म्हणजे झाले. दोन झटक्यांचे काम. त्यात घोडा नाही, स्वार नाही, सरदाराचे नाव नाही, वेलबुट्टी तर नाहीच. ज्या मोगल दरबारी चित्रशाळेत एकेका पानासाठी कुशल चितारी महिनोन् महिने खपत, त्याच दरबाराच्या ग्रंथात ही दोन रेघांची आकृती आहे. रसिकाची नजर तिच्यावरून सहज घसरून जाईल. पण जो गुरे राखतो त्याची नजर येथे थांबते, कारण अशी आकृती इतकी साधी का असावी लागते हे त्याला ठाऊक असते.

डागण्याच्या कामात खरा कारागीर विस्तव असतो. लोखंड लालबुंद तापले तर केस पेट घेतात आणि कातडे नको तितके खोल जळते. ते पुरेसे तापले नाही तर खूण अर्धवट उठते, आणि पुन्हा लावू जाता दुहेरी होऊन बसते. राखेच्या रंगावर आलेले लोखंड उत्तम. ते काही क्षणच टेकवायचे आणि सरळ उचलायचे. त्याची धार तीक्ष्ण असता कामा नये, नाहीतर ते डागण्याऐवजी कापील. आकृतीत बंद गोल वा चौकोन असेल, तर आतले कातडे चहूंकडून भाजून सबंध जागाच एकरूप होते. दोन रेघा जेथे मिळतात तेथे उष्णता साचते आणि खूण फिसकटते. म्हणून जाणते लोहार अशा सांध्यावर लोखंडाला लहानशी खाच ठेवतात. शिवाय वासरावर दिलेला डाग वासराबरोबर वाढतो. आज बोटभर असलेली रेघ उद्या वीतभर होते, आणि तरीही ती ओळखू आली पाहिजे. कळप धुळीत चालला असताना, दुरून, तिन्हीसांजेच्या उजेडात ती वाचता आली पाहिजे. या सर्व कसोट्यांना जी आकृती उतरते ती साधीच असते. ही साधेपणाची शिकवण विस्तवाने आणि वाढत्या कातड्याने दिलेली आहे.

याच्या उलट दुसरी एक अडचण आहे. आकृती जितकी साधी, तितकी ती बदलणे सोपे. एका रेघेला दुसरी जोडली, उघड्या टोकाला फाटा दिला, की चोराचे काम झाले. विस्तव म्हणतो साधी ठेव, आणि चोरीचे भय म्हणते अवघड कर. या दोहोंच्या मध्ये मार्ग काढण्यातच डाग योजणाऱ्याचे चातुर्य आहे. दोन अलिफांच्या त्या जाड डोक्यांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे आम्हांस असे वाटते की, ती केवळ लेखणीची लकब नसावी. टोक जाड असले म्हणजे रेघ तेथे संपली हे निश्चित होते. पुढे कोणी ती लांबविली तर मधली गाठ चटकन दिसून येते. दोन रेघांच्या आकृतीत एवढा विचार मावू शकतो, हे तिचे खरे सौंदर्य होय.

आता ही विद्या आपल्या देशात किती जुनी आहे ते पाहू. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात गुरांच्या कानावर धातूच्या सुरीने खूण करण्याच्या विधीचे एक सूक्त आहे. म्हणजे त्या प्राचीन काळीही गाईच्या कानाला पाते लागत होते, आणि तेथे मंत्र म्हणण्याइतके महत्त्व त्या कृतीला होते.

त्याहून विलक्षण साक्ष व्याकरणकार पाणिनीची आहे. ‘अष्टाध्यायी’च्या सहाव्या अध्यायात त्याने ‘कर्ण’ या शब्दाचा समास होताना पूर्वपदाचा अंत्य स्वर केव्हा दीर्घ होतो हे सांगितले आहे. जनावराच्या कानावर विळ्याची खूण असेल तर त्याला ‘दात्राकर्ण’ म्हणावे. ‘दात्र’ म्हणजे विळा, आणि त्याचा शेवटचा स्वर येथे दीर्घ झाला. मात्र नऊ खुणांच्या बाबतीत हा नियम लागत नाही, असा अपवाद त्याने केला. त्या नवांत स्वस्तिक आहे, यज्ञातील पळी म्हणजे स्रुव आहे, मणी आहे, कानाला पाडलेले भोक आहे, चीर आहे, आणि आठ व पाच हेही आहेत. मालकाचा संबंध कळावा म्हणून जनावरांवर केलेल्या या खुणा होत, असा खुलासा ‘काशिका’ या वृत्तीने केला आहे. आठ आणि पाच यांचा अर्थ त्या अंकांच्या आकृती असा घेऊन डॉ. वासुदेवशरण अग्रवाल यांनी पाणिनिकालीन समाजाचे वर्णन करताना या खुणांचा परामर्श घेतला आहे. गंमत अशी की, पाणिनीला गुरांशी काही कर्तव्य नव्हते. त्याचे लक्ष स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाकडे होते. पण त्या निमित्ताने गोठ्यातले शब्द शास्त्रात शिरले आणि अडीच हजार वर्षांच्या आसपास टिकून राहिले. ज्या गुराख्यांनी ते वापरले त्यांचे एकही नाव उरले नाही. त्यांच्या खुणा उरल्या.

महाभारताच्या वनपर्वात घोषयात्रेची कथा आहे. वनवासातील पांडवांना आपले वैभव दाखवून हिणवावे असा दुर्योधनाचा हेतू. पण धृतराष्ट्राकडे परवानगी मागताना त्याच्या बाजूने कारण दिले गेले ते गुरांच्या मोजणीचे आणि वासरांना खुणा करण्याचे. द्वैतवनाजवळच्या गवळवाड्यांवर तो गेला, गुरे मोजली, वासरांना अंक केले, तीन वर्षांची खोंडे निराळी गणली, आणि पुढे चित्रसेन गंधर्वाच्या हाती सापडून फजीत झाला. कथेचे तात्पर्य काहीही असो, आपल्याला एक गोष्ट त्यातून कळते. वासरांना खुणा करण्याचा ठराविक काळ असे, आणि ते काम इतके महत्त्वाचे गणले जाई की, राजपुत्राने त्यासाठी जातीने जाणे कोणासही चमत्कारिक वाटत नसे.

या विद्येला कचेरीची शिस्त आलेली दिसते ती कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त. दुसऱ्या अधिकरणात गोध्यक्ष, म्हणजे गुरांवरील सरकारी अधिकारी, याची कर्तव्ये सांगितली आहेत. वासरू महिन्या-दोन महिन्यांचे झाले की त्याला अंकित करावे. भटके जनावर महिना-दोन महिने कळपात राहिले तर त्यालाही अंकित करावे. आणि मग प्रत्येकाचा अंक, अंगावरील नैसर्गिक चिन्ह, रंग आणि दोन शिंगांमधील अंतर यांची नोंद करावी, असा नियम आहे. हा नोंदीचा भाग फार मोलाचा आहे. जनावराच्या अंगावर नुसता डाग असून भागत नाही. तो डाग कोणाचा, हे दुसरीकडे कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे, आणि त्या दोहोंचा मेळ बसला पाहिजे. कातड्यावरची खूण आणि वहीतली नोंद मिळून पुरावा होतो.

कौटिल्याने वापरलेला ‘अंक’ हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. अंक म्हणजे खूण, आणि अंक म्हणजे संख्येची आकृतीही. आपण ‘अंकित’ म्हणतो तेव्हा दुसऱ्याच्या स्वाधीन झालेला, त्याचा ठसा वागविणारा, असा अर्थ त्यात असतो. मराठीत गुरांवर खूण करण्याला ‘आंकणे’ असेही म्हणतात, तेही याच घराण्यातले. गोठा, हिशेब आणि भक्ती या तिन्ही ठिकाणी एकच शब्द वावरला आहे.

भक्तीचा उल्लेख आला म्हणून वृषोत्सर्गाविषयी दोन शब्द लिहितो. मृताच्या नावाने वळू सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. विष्णुस्मृतीत या विधीचे वर्णन असून, त्या वळूच्या एका अंगावर चक्राची आणि दुसऱ्या अंगावर शूलाची खूण करावी असे सांगितले आहे. असा वळू नांगराला जुंपायचा नाही, विकायचा नाही; तो गावात मोकळा हिंडतो आणि गुरांची पैदास सुधारतो. येथे डागाचा अर्थ अगदी पालटतो. एरवी डाग म्हणजे ‘हे जनावर माझे’. चक्रशूलांचा डाग म्हणजे ‘यावरचा माझा हक्क मी सोडला, हे आता सर्वांचे’. तोच विस्तव आणि तेच लोखंड, पण आकृती बदलली की स्वामित्वाचे दान होते. एका साध्या आकृतीत अर्थ बदलण्याचे केवढे सामर्थ्य असते याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस दिसत नाही.

मध्ययुगात ही विद्या गोठ्यातून पागेत गेली आणि राज्यकारभाराचे एक अंग बनली. अलाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) मोठी खडी फौज ठेवली, आणि घोड्यांना डाग देण्याची व शिपायांची वर्णने लिहून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कारण उघड होते. सरकारातून वेतन चांगल्या घोड्याचे घ्यायचे आणि हजेरीच्या दिवशी भाड्याचे वा उसने आणलेले तट्टू उभे करायचे, हा लबाडीचा राजमार्ग होता. एकच घोडा दोन सरदारांच्या हजेरीत दिसे. डागाने त्याला आळा बसला. पुढे फिरोजशहा तुघलकाच्या कारकिर्दीत (१३५१–१३८८) ही शिस्त ढिली पडली. त्याच्याविषयी अशी हकीकत इतिहासकार अफीफ याने नोंदविली आहे की, आपला घोडा हजेरीत पसंत होत नाही म्हणून कष्टी झालेल्या एका शिपायाला सुलतानाने स्वतःच सोन्याचा टंका दिला, तो कारकुनाला चारून घोडा पास करून घेण्यासाठी! सुलतानाचे मन दयाळू होते खरे. पण ज्या राज्यात राजाच लाच पुरवितो तेथे डागाला किंमत कोठून राहणार? शेरशहाने आपल्या अल्प कारकिर्दीत (१५४०–१५४५) ती पद्धत पुन्हा सुरू केली आणि डाग आपल्या नजरेसमोर देण्याचा आग्रह धरला.

अकबराने १५७३-७४ च्या सुमारास तीच पद्धत साऱ्या मनसबदारांना लागू केली, आणि येथे आपली दोन अलिफांची आकृती पुन्हा भेटते. अबुल फज्लच्या लिहिण्याप्रमाणे आरंभी ‘सीन’ या अक्षराचे डोके घोड्याच्या मानेवर उजव्या बाजूस डागीत. मग उजव्या मांडीवर दोन अलिफांचा छेद आला. त्यानंतर काही काळ दोरी उतरविलेल्या धनुष्याची आकृती चालली. अखेरीस सर्व आकृती टाकून देऊन लोखंडाचे अंक करविण्यात आले, कारण लबाडीला सर्वांत कमी वाव अंकात राहतो असे दिसून आले. पहिल्या हजेरीस एक, दुसऱ्या हजेरीस दोन, असा क्रम काही काळ होता. पुढे निरनिराळ्या दर्जाच्या लोकांच्या घोड्यांसाठी निरनिराळे अंक ठरविले गेले. अक्षर, छेद, धनुष्य आणि अंक, अशा चार पायऱ्यांत एका राज्याने काय शिकले ते या वर्णनात दिसते. खुणेपासून निघालेला ‘अंक’ संख्येच्या ‘अंका’पाशी येऊन पोहोचला.

या दोन रेघांनी किती जणांची झोप उडविली हेही पाहण्यासारखे आहे. मिर्झा अझीज कोका हा अकबराचा दूधभाऊ, दाईचा मुलगा. त्याच्यावर बादशहाचा जीव. पण त्याने डागाला विरोध केला, तेव्हा १५७५ मध्ये त्याला आग्र्यास त्याच्याच बागेत अटकेत राहावे लागले. १५८० मध्ये बंगाल व बिहार या प्रांतांत मोगल सरदारांनी मोठे बंड केले. जहागिरींचा तपास आणि भत्त्यांतील कपात यांबरोबर डागाची सक्ती हेही त्या बंडाचे एक प्रमुख कारण होते. आणि त्यात सुभेदार मुजफ्फरखान मारला गेला. इतिहासकार बदायूनी हा डागाच्या व्यवस्थेवर कडक टीका करणारा. सरदार लोक हजेरीपुरते नोकरचाकरांना शिपायांचा वेष देऊन उभे करीत, हे त्याने नमूद करून ठेवले आहे. त्याला आणि अबुल फज्लला एकाच वेळी वीसची लहान मनसब मिळाली होती. अबुल फज्लने डागाची चाकरी निष्ठेने केली आणि तो वर चढत गेला. बदायूनी मागे राहिला, आणि ही सल त्याच्या लिहिण्यात दिसते. एका लोखंडी आकृतीने कोणाची मनसब वाढविली, कोणाला कैद केले, आणि एका प्रांतात रक्त सांडले. ज्याच्या अंगावर डाग आहे त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब देणे कोणालाच आवडत नाही, हेच त्याचे मूळ.

येथवर पाहिलेल्या कथेत शाईचा भाग थोडा आहे. शाईने काढलेल्या आकृतीला कायद्याचे पूर्ण बळ मिळालेले पाहायचे असेल, तर आपल्याला समुद्रापलीकडे अमेरिकेतील टेक्सास संस्थानात जावे लागते. तेथे हजारो गुरे कुंपणाविना उघड्या माळावर चरत, आणि निरनिराळ्या मालकांचे कळप एकमेकांत मिसळत. म्हणून १८४८ मध्ये तेथे अशी तरतूद झाली की, डागाची नोंद झालेली असली पाहिजे; नोंद नसलेला डाग मालकीचा पुरावा म्हणून धरला जाणार नाही. जिल्ह्याच्या कारकुनाच्या वहीत मालकाचे नाव आणि त्यासमोर शाईने काढलेली डागाची आकृती, कानाच्या खाचेच्या वर्णनासह, अशा त्या नोंदी असत. किंग रांच या प्रसिद्ध गोधनक्षेत्राचा डाग १८६९ मध्ये नोंदला गेला. इंग्रजीतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर सापासारखे नागमोडी काढले की तो डाग होतो. त्यात कोठेही रेघ रेघेला छेदत नाही, म्हणून तो स्वच्छ उमटतो. वाचकांना आपला विस्तवाचा नियम येथे आठवेल. त्याच प्रदेशात सॅम्युअल मॅव्हरिक नावाच्या गृहस्थाची काही गुरे डाग न देताच मोकळी राहिली. तेव्हापासून बिनडागी जनावराला तेथे ‘मॅव्हरिक’ म्हणू लागले, आणि पुढे कोणत्याही कळपात न बसणाऱ्या माणसालाही तोच शब्द लागू झाला. गोठ्यातला शब्द कोशात जाण्याचा प्रकार पाणिनीच्या देशापुरता मर्यादित नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्या महाराष्ट्रात अशी वही आहे काय? गुरांच्या डागांची नसेल, पण माणसांच्या खुणांची खास आहे. मराठेशाहीतील महजर आणि वतनाचे कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यांतील निशाण्या परिचित असतील. गावची सभा भरे, वादाचा निर्णय होई, आणि कागदाच्या शेवटी गोताच्या साक्षी पडत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याचे अवजार काढी. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची निशाणी तराजू. कारागीर बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या आकृती काढीत. त्या आकृतीही अशाच दोन-चार रेघांच्या. नांगराचा दांडा, रुमणे आणि फाळ एवढे दिसले की पुरे. त्या निशाणीने जमिनीचे वाद मिटले, वतने टिकली, आणि आज त्यांवरूनच आपले संशोधक गावगाड्याचा इतिहास लिहितात. निरक्षर माणसाची रेघ साक्षराच्या सहीइतकीच ग्राह्य धरणारी ही आपली परंपरा आहे. मग गुराख्याच्या डागाला तोच मान का मिळू नये? पाटलाचा नांगर कागदावर होता म्हणून वाचला. गवळ्याचा डाग जनावराच्या अंगावर होता, आणि जनावराबरोबर तो गेला.

डागताना जनावराला वेदना होतात हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्याच्या दुधावर घर चालते त्याच्या अंगाला तापलेले लोखंड लावताना आपल्या पूर्वजांनाही आनंद होत नसे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात गुरांना डागण्यास विहित पद्धतीची अट घातली आहे, ते योग्यच आहे. १९६६ मध्ये कीथ फॅरेल या अमेरिकन पशुवैद्याने अतिशय थंड लोखंडाने खूण करण्याची रीत काढली. तिने केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि त्या जागी पांढरे केस येतात. भाजण्याची वेदना त्यात टळते. आता तर आपल्या गाईम्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आला आहे. त्या क्रमांकावर मालकाचे नाव, लसीकरण आणि वेत यांची सरकारी नोंद राहते. कौटिल्याचा गोध्यक्ष जे वहीत लिहीत असे ते आज यंत्रात लिहिले जाते, आणि अकबराच्या कारकुनांनी जो निष्कर्ष काढला त्याच निष्कर्षावर, म्हणजे अंकावर, आपण येऊन पोहोचलो आहोत. ही व्यवस्था सोयीची आणि दयेची आहे. ज्ञातिबांधवांनी आपली सर्व जनावरे नोंदवून घ्यावीत असेच आम्ही सांगू.

परंतु बारा आकड्यांत एक गोष्ट नसते. तो क्रमांक कोणत्या घराण्याचा हे नुसत्या नजरेने कळत नाही. जुना डाग मात्र पाहताच सांगे की, हे अमक्या वाडीच्या अमक्या घरचे जनावर. त्या आकृती आपल्या वडीलधाऱ्यांनी योजल्या, लोहाराकडून घडवून घेतल्या, आणि बापाकडून मुलाकडे वारशाने दिल्या. आज जी लोखंडे उरली असतील ती माळ्यावर वा गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेली असणार, आणि भंगारवाल्याच्या तराजूत त्यांची किंमत चार पैसे होणार. एकदा ती वितळली की त्या घराण्याची सही कायमची पुसली जाईल.

म्हणून सर्व ज्ञातिबांधवांना आणि भगिनींना आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी डागणी वा खुणेचे लोखंड असेल त्यांनी ते काढावे, गंज पुसावा, शाईत बुडवून कोऱ्या कागदावर दाबावे. शेजारी बोरूने वा टाकाने तीच आकृती मूळ मापात पुन्हा काढावी. लोखंडाचा ठसा उलटा उमटतो की सुलटा हे लिहावे, आणि ती खूण जनावराच्या कोणत्या अंगी, मांडीवर, पुठ्ठ्यावर की खांद्यावर देत असत हेही नोंदवावे. लोखंड नसेल पण घरातील म्हाताऱ्या माणसांना खूण आठवत असेल, तर त्यांच्याच हाताने ती कागदावर काढून घ्यावी. हात कापला तरी चालेल, ती रेघ त्यांचीच असू द्यावी. कानाला खाच असेल तर कानाची आकृती काढून खाच दाखवावी. एक भेद मात्र जपावा. पाय वा खांदा दुखला म्हणून औषधादाखल जे डाग देत, ते मालकीचे नव्हेत. दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. आकृतीखाली घराण्याचे नाव, मूळ गाव आणि ही माहिती कोणी सांगितली ते लिहावे. अशा आकृती मंडळाकडे आल्या तर पुढील स्मरणिकेत त्यांची स्वतंत्र पाने करता येतील, आणि समाजाच्या हाती प्रथमच आपल्या घराण्यांच्या खुणांची वही येईल.

हे काम खर्चाचे नाही, विद्वत्तेचेही नाही. त्याला एक कागद, थोडी शाई आणि घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसण्याइतकी सवड एवढेच लागते. चारशे वर्षांपूर्वी एका दरबारी लेखकाने घोड्याच्या मांडीवरच्या दोन रेघा आपल्या ग्रंथात काढून ठेवल्या, म्हणून त्या आज आपण डोळ्यांनी पाहतो. पाणिनीने एका स्वरासाठी नऊ खुणा नोंदविल्या, म्हणून त्या टिकल्या. आपल्या घरच्या खुणांसाठी बाहेरून कोणी पाणिनी वा अबुल फज्ल येणार नाही. ते काम आपल्याच मुलामुलींनी करावयाचे आहे, आणि ज्यांना त्या खुणा आठवतात ती माणसे आपल्यात आहेत तोवरच ते होऊ शकेल. यंदाच्या दिवाळीत घर झाडताना माळ्यावरचे ते लोखंड हाती लागले, तर ते भंगारात न टाकता प्रथम त्याची आकृती काढावी, ही नम्र सूचना करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.